जुना किरण

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर मी मुलीला घेऊन गच्चीवर गेलो. अमावास्येच्या काळोखात वायव्येला अभिजित तारा ठळक दिसत होता. २५ वर्षांपूर्वी, अशाच दिवाळीत, वडिलांनी मला तो दाखवला होता.

मी मराठी शिकवणारा माणूस. पण हा हिशेब मला कवितेहूनही अद्‌भुत वाटतो. प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो. त्यालाही वाटेत वेळ लागतो, हे डेन्मार्कच्या रोमरने १६७६ साली गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांवरून ताडले. सूर्यकिरण आठ मिनिटांत आपल्याकडे पोचतो, व्याधाचा साडेआठ वर्षांत, अभिजिताचा २५ वर्षांत. देवयानीतला तो पुसट ढग, ती अवघी दीर्घिका, तर आपल्याला दिसते ती २५ लाख वर्षांपूर्वीची!

म्हणजे त्या रात्री माझ्या डोळ्यांत शिरलेला किरण, वडील माझ्याशेजारी उभे होते तेव्हा निघाला होता. तो वाटेत असतानाच वडील गेले.

“बाबा, आत्ता निघालेला किरण कधी पोचेल?” मुलीने विचारले.

मी मनाशी माझे वय मोजले नि क्षणभर गप्प राहिलो. मग म्हणालो, “२५ वर्षांनी. तेवढी तू गच्चीवर ये म्हणजे झाले!”