उघडी खिडकी आणि मागचा बाक

रोहण्याहून रोज ये-जा करणाऱ्या आम्हा मुलामुलींच्या वाट्याला बहुधा मागचा बाक येतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. निसटलेले वाक्य घरी कोणाला विचारायची सोय नाही. म्हणून वर्गात आवाज हरवतो कुठे, याचा शोध घ्यावासा वाटला.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात खिडक्या लावल्या तर जीव गुदमरतो, उघडल्या तर रस्त्यावरचे ट्रॅक्टर जणू वर्गातच शिरतात. दोष खिडकीचाच, असे कोणीही म्हणेल. पण ते अर्धेच खरे. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द फार घुमत. वॉलेस सॅबाइन या तरुण अध्यापकाने रात्री जागून, शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून मोजमापे घेतली. आवाज शोषण्याचे माप म्हणून त्याने काय धरले? उघडी खिडकी! तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. गिलाव्याची कोरी भिंत मात्र जवळजवळ सगळा परत फेकते, आणि आधीचा शब्द विरण्यापूर्वीच पुढचा त्यावर चढतो.

पंख्याची तऱ्हा निराळी. स्वर जोरकस, ते तरतात. त, प, स ही व्यंजने दुबळी, ती घरघरीत बुडतात. सर 'पाप' म्हणाले की 'ताप', मागे कळत नाही!

रस्त्याकडच्या खिडक्या लावून मागच्या बाजूच्या खिडक्या आणि छताजवळचे झरोके उघडे ठेवावेत. तापलेली हवा वरून निघून जाते. मागच्या भिंतीवर, चार बोटे अंतर सोडून, जाड सतरंजी टांगावी. सतरंजी मी घरून आणीन. खिळे ठोकण्याची परवानगी तेवढी हवी.