जुन्या संगणकाचें दुखणें व त्याचें निदान

घरांतील एखादी जुनी वस्तु बिघडली म्हणजे "टाकून द्या आणि नवी आणा" हा उपदेश आजकाल सर्वांच्या तोंडीं असतो. पुष्कळ वेळां तो योग्यहि असतो. परंतु कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांच्या पोटांत आपला ठेवा अडकलेला असतो. आमच्या घरचा जुना संगणक हा अशांपैकीं एक. ज्यांच्या माळ्यावर असें यंत्र धूळ खात पडलें असेल, त्यांस उपयोग व्हावा म्हणून त्याच्या दुखण्याची ही हकीकत.

हा संगणक आम्हीं २००० सालीं घेतला. माझ्या मातोश्रींना जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत असत. माझ्या पत्नीनें त्या ऐकून ऐकून, फुरसतीच्या वेळीं, या यंत्रावर उतरून ठेविल्या. सुमारें ४०० भरतील. पुढें मातोश्री गेल्या, आणि तीन वर्षांपूर्वीं पत्नीहि गेली. ओव्या मात्र यंत्रांत राहिल्या. त्या काळीं मराठी लिहिण्यास आजची युनिकोड पद्धति आमच्याकडे रूढ झालेली नव्हती. रोमन अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचीं रूपें बसविलेलीं असत; आणि आमची लेखनप्रणाली तर यंत्राच्या पाठीमागें एक लहानशी किल्ली लावल्याखेरीज उघडत नसे. त्यामुळें मजकूर दुसऱ्या यंत्रावर नेला तरी ओव्यांच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरेंच दिसत. ठेवा वाचावयाचा तर जुनेंच यंत्र चाललें पाहिजे!

गेल्या वर्षीं त्याचें ग्राफिक्स कार्ड निकामी झालें. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें जुन्या बाजारांतून दुसरें आणून बसविलें. यंत्र सुरू झालें, रंगहि उत्तम दिसूं लागले. पण दहा-पंधरा मिनिटें होतात न होतात तोंच पडदा थिजे आणि कळफलक दाद देईना. विद्यार्थी म्हणाला, "सर, विंडोज नव्यानें घालूं या." मीं म्हटलें, "बाबा रे, आधीं हार्ड डिस्कची नक्कल, मग उपचार." दोन नकला करून ठेविल्या, तेव्हां कोठें मनास स्वस्थता आली.

आयुर्वेदांत रोग ओळखण्याचीं पांच साधनें सांगितलीं आहेत. त्यांत 'उपशय' म्हणून एक आहे. उपचार करून पाहावा आणि गुण येतो कीं नाहीं त्यावरून रोग ठरवावा. नैयायिकांचा अन्वय-व्यतिरेक याच जातीचा: एक गोष्ट असतां दुसरी असते, ती नसतां दुसरीहि नसते, तेव्हां त्यांचा कार्यकारणसंबंध मानावयाचा. यंत्राच्या परीक्षेंतहि हाच नियम पाळावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं.

प्रथम स्मृतीची, म्हणजे रॅमची, परीक्षा केली. त्यासाठीं मेमटेस्ट नांवाचा कार्यक्रम आहे. तो रात्रभर चालविला. एकहि चूक निघाली नाहीं.

मग झांकण काढून मदरबोर्ड दिव्याखालीं पाहिला. प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांपैकीं दोघांचीं डोकीं फुगलेलीं होतीं. विजेच्या दाबांतील चढउतार सारखे करणें हें या लहान नळकांड्यांचें काम. त्यांतील द्रव सदोष असला किंवा वयानें बिघडला कीं आंत वायु सांठतो, डोकें फुगतें आणि यंत्राचा पुरवठा डळमळूं लागतो. १९९९ ते २००७ या काळांतील असंख्य बोर्डांना या दोषानें ग्रासलें आहे. आमच्या ओळखीच्या रेडिओ-कारागिरानें तितक्याच धारणेचे, १०५ अंश उष्णता सोसणारे आणि अंतर्गत रोध कमी असलेले नवे कपॅसिटर, धन-ऋण बाजू पाहून, डागून दिले. यंत्र तासभर अखंड चाललें. विद्यार्थ्यानें आनंदानें पेढे आणले. पेढा तोंडांत असतांनाच पडदा पुन्हां थिजला!

आतां कळलें कीं, दोष दोन होते. पहिला गेला, दुसरा शिल्लक राहिला. विंडोजमध्यें ग्राफिक्स कार्डाची विशेष प्रणाली काढून साधी व्हीजीए ठेविली, तर यंत्र दोन दिवस बिनतक्रार चाललें. पण त्या मोजक्या रंगांत व मोठ्या आकृतींत आमची लेखनप्रणाली उघडेना. मग एजीपी खांचेंतील कार्ड काढून पीसीआय खांचेंत एक जुनें कार्ड लावलें. तेव्हांहि यंत्र थिजलें नाहीं. म्हणजे दोष एजीपीच्या वाटेवर. पण तेंच एजीपी कार्ड विद्यार्थ्याच्या यंत्रांत दिवसभर चाललें! कार्ड निर्दोष, बोर्डहि निर्दोष. दोष दोहोंच्या संयोगांत.

मदरबोर्डावर एक घड्याळ असतें. तबल्याच्या ठेक्याप्रमाणें सर्व अवयव त्याच्या ठोक्यावर चालतात. मात्र प्रत्येकाची लय निराळी. १९९७ पासून बाजारांत आलेल्या एजीपी खांचेची नियत लय ६६ मेगाहर्ट्झ. आमच्या बोर्डावरचा इंटेलचा ४४०बीएक्स हा १९९८ चा चिपसेट १०० च्या ठोक्यासाठीं रचलेला. तो एजीपीला दोन तृतीयांश, म्हणजे बरोबर ६६ देतो. आमचा ८०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३ मात्र १३३ च्या ठोक्याचा. विक्रेत्यानें तो तसाच चालविला होता. १३३ चे दोन तृतीयांश सुमारें ८९! पीसीआयला चतुर्थांश मिळत असल्यामुळें त्याची ३३ ची लय कायम राहिली. पण एजीपी कार्डाला तीन पावलांच्या वेळांत चार टाकावीं लागत. जुन्या कार्डानें हें निमूट सोसलें; नव्याला सोसवेना.

मग ठोका १०० वर आणला. प्रोसेसरचा गुणक ६ असल्यानें त्याची गति ८०० वरून ६०० झाली. यंत्र चार दिवस चाललें. खात्रीसाठीं पुन्हां १३३ केला. तासाभरांत पडदा थिजला. पुन्हां १००, पुन्हां स्वस्थ. व्यतिरेक पूर्ण झाला.

असे प्रयोग करणारांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एजीपी कार्डाच्या कडेवरील खांचा विजेचा दाब सांगतात: पाठीच्या पट्टीकडील खांच ३.३ व्होल्टची, दूरची १.५ ची. कार्ड बसत नसेल तर जोर करूं नये. दुसरें, बोर्डावरील बॅटरी संपली कीं केलेल्या मांडण्या यंत्र विसरतें. ती आधींच बदलावी.

ठोका स्थिर झाला त्याच आठवड्यांत सर्व ओव्या कागदावर छापून घेतल्या. माझी मुलगी त्या आतां युनिकोडमध्यें पुन्हां लिहीत आहे. म्हणजे पुढें कोणत्याहि किल्लीची गरज पडूं नये. कांहीं ठिकाणीं पत्नीनें कंसांत टीप दिली आहे: "हा शब्द सासूबाईंना पुन्हां विचारणें." विचारावयास आतां दोघीहि नाहींत. तो कंस तसाच ठेवावा, असें मीं मुलीस सांगितलें आहे.