शब्दांची मालकी: लॉगलॅनपासून लोझबानपर्यंत

लायब्निझचं एक स्वप्न होतं: अशी भाषा हवी, जिच्यात वाद घालत बसण्याऐवजी सरळ हिशेब मांडता येईल. आज आपण त्याच वाटेवरचा विसाव्या शतकातला एक प्रयत्न पाहू.

१९५५ मध्ये जेम्स कुक ब्राउन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने फ्लोरिडात ‘लॉगलॅन’ ही भाषा रचायला घेतली. भाषा विचाराला वळण लावते, असे सपीर-व्होर्फ गृहीतक सांगते. ते तपासायचं कसं? ब्राउन यांची कल्पना अशी की, तर्कशास्त्राच्या साच्यावर भाषा घडवावी, ती माणसांना शिकवावी, आणि त्यांच्या विचारात फरक पडतो का ते बघावं. १९६० साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील त्यांच्या लेखामुळे ही भाषा बऱ्याच लोकांना माहीत झाली.

पुढे वाद झाला तो शब्दांवरून. कोशातल्या शब्दांवर आपला हक्क आहे, असा ब्राउन यांच्या संस्थेचा दावा होता. तेव्हा काही अनुयायी वेगळे झाले आणि १९८७ मध्ये त्यांनी ‘लोझबान’ उभी केली. व्याकरणाचा गाभा तोच. शब्द मात्र मुळापासून नवे. ‘लोगझी’ म्हणजे तर्क, ‘बान्गू’ म्हणजे भाषा. दोन्ही आखडून झालं लोझबान. खटलाही चालला, आणि ‘लॉगलॅन’ या नावावर कुणा एकाची व्यापारी मालकी असू शकत नाही, असा निकाल १९९२ मध्ये लागला.

नवे शब्द बनवायची रीत बघा. चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन, अरबी या सहा भाषांतले समानार्थी शब्द घ्यायचे, बोलणाऱ्यांच्या संख्येप्रमाणे प्रत्येक भाषेला वजन द्यायचं आणि सर्वांशी जास्तीत जास्त जुळणारा पाच अक्षरांचा शब्द संगणकाकडून काढून घ्यायचा. निळा म्हणजे ‘ब्लानू’. यात चिनी ‘लान’ आणि इंग्रजी ‘ब्लू’ चटकन ऐकू येतात. असे सुमारे १,३५० मूळ शब्द आहेत.

प्रत्येक शब्दाला ठरलेल्या जागा असतात. ‘क्लामा’ म्हणजे जाणे. त्याच्या जागा पाच: कोण, कुठे, कुठून, कोणत्या वाटेने, कशाने. मराठीत हे काम विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये करतात. म्हणून ‘राम नाशिकहून पुण्याला एसटीने गेला’ यातले शब्द पुढेमागे केले तरी अर्थ टिकतो. लोझबानमध्ये मुख्यतः क्रमच अर्थ सांगतो.

याचा अर्थ ही भाषा बोलणारा चुकीचा विचार करणार नाही, असा नाही. वाक्याची रचना संदिग्ध राहत नाही, एवढंच. असत्य विधान तिच्यातही व्यवस्थित करता येतं.

आणखी एक गंमत. इंग्रजी ‘वुई’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे कळत नाही. लोझबानमध्ये ‘मिहो’ म्हणजे मी आणि तुम्ही; ‘मिहा’ म्हणजे मी आणि इतर, तुम्ही सोडून. आपल्याला हे शिकवावं लागत नाही, कारण ‘आपण’ आणि ‘आम्ही’ घरातच आहेत. लॉगलॅनचा सगळा तंटाही याच दोन शब्दांत मावतो: ही भाषा ‘आमची’ की ‘आपली’? बोलणारे हवे असतील, तर तिला ‘आपली’ व्हावंच लागतं.