थैलीवाला सैतान

दोस्तांनो, खरं सांगा हं! शाळेत प्रार्थना चालू असताना मधले शब्द गिळायचे, नुसते ओठ हलवायचे आणि शेवटची ओळ मात्र जोरात म्हणायची, असं तुमच्यापैकी किती जण करतात? सातशे वर्षांपूर्वी तुम्ही युरोपातल्या एखाद्या मठात असतात, तर तुम्हाला टिटिव्हिलसची भीती घातली असती!

टिटिव्हिलस हा ख्रिस्ती कथांमधला एक सैतान. सैतान म्हटलं की शिंगं, आग, किंकाळ्या आठवतात ना? याचं काम मात्र अगदी कारकुनाचं. प्रार्थनेत पाद्र्यांनी आणि साधूंनी गाळलेली, खाल्लेली अक्षरं वेचायची आणि थैलीत भरायची. रोज हजार वेळा! वेल्सचा जॉन नावाच्या फ्रान्सिस्कन साधूनं १२८५ च्या सुमारास त्याचं नाव लिहून ठेवलंय.

त्याच्याच एका भाऊबंदाची गोष्ट आणखी गमतीची. चर्चमध्ये गप्पा मारणाऱ्यांची बडबड तो चामड्याच्या कागदावर टिपत होता. बडबड इतकी, की कागद पुरेना! म्हणून त्यानं तो दातांत धरून ताणला. कागद टर्रकन फाटला आणि स्वारीचं डोकं धाडकन भिंतीवर आपटलं.

पुढं टिटिव्हिलस नाटकातही आला. १४७० च्या सुमाराचं 'मॅनकाइंड' हे इंग्रजी नाटक. त्यात तो कष्टाळू शेतकऱ्याच्या जमिनीत फळी पुरून ठेवतो. फावडं खणकन आपटतं, शेतकरी वैतागून काम टाकतो. आणि बरं का, हा सैतान रंगमंचावर येण्याआधी नट खेळ थांबवून प्रेक्षकांकडून पैसे गोळा करायचे. सैतान बघायचाय? मग काढा नाणी!

त्या काळी पुस्तकं हातानं नकलून काढत. कडाक्याची थंडी, अंधूक उजेड, बोटं बधिर. चुका व्हायच्याच. जुन्या गोष्टींतला टिटिव्हिलस माणसांनी केलेल्या चुका नुसत्या गोळा करतो. नकलताना चुका तोच करवतो, हे खापर त्याच्या डोक्यावर मागाहून फुटलं. मला विचाराल तर हा त्या बिचाऱ्यावर अन्यायच!

छापखाने आले तरी चुका काही थांबल्या नाहीत. १६३१ साली लंडनला छापलेल्या बायबलमध्ये दहा आज्ञांपैकी एकीतला 'नको' हा शब्दच गळाला. म्हणजे 'करू नको'चं झालं 'कर'! तिथं सैतानाची सबब कोण ऐकणार? रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकास या मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. बार्कर तर पुढं कर्जापायी तुरुंगात गेला आणि तिथंच वारला.

इंग्रजी छापखान्यांत शाईनं माखलेल्या पोरसवदा उमेदवारांनाही 'सैतान' म्हणत. आणि आपल्याकडं? छपाईत चूक झाली की मोठी माणसं हसून म्हणतात, 'मुद्राराक्षसाचा विनोद!' हे नाव विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकाचं. त्यातला राक्षस म्हणजे नंद राजांचा स्वामिनिष्ठ अमात्य, चांगला हाडामांसाचा माणूस. मुद्रा म्हणजे त्याची अंगठी. छापखान्याचं त्यानं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं!