न सांगणाऱ्या मुलाची साखर

तीन वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं, समोर वरणभात ठेवला आणि दोन घास खाऊन त्याने ताट सारलं, की आईच्या पोटात गोळा येतो. इन्सुलिन तर अंगात गेलेलं असतं. ते साखर उतरवणारच. या वयाचं मूल ‘मला गरगरतंय’ असं सांगत नाही. ते किरकिर करतं, हट्टाला पेटतं किंवा मुकाट झोपून जातं. हा हट्ट रोजचा की शुगर लो झाल्याचा? टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या घरात हा प्रश्न दिवसातून अनेकदा पडतो. सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरचं, म्हणजे सीजीएमचं, खरं मोल म्हणूनच याच वयात कळतं.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण कितीतरी आया आजही नातेवाइकांचे टोमणे सोसत असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात लहान मुलांचा डोस इतका कमी असतो, की अर्धं युनिट जास्त गेलं तरी साखर झपाट्याने उतरू शकते.

सेन्सर दंडावर किंवा कमरेखाली मागच्या बाजूला चिकटवतात. त्याची बारीक लवचीक तार त्वचेखाली राहते आणि तिच्यावरच्या विकराची ग्लुकोजशी क्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ही मूळ कल्पना लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स या अमेरिकी संशोधकांनी १९६२ मध्ये मांडली होती. दर पाच मिनिटांना एक, म्हणजे दिवसाला २८८ आकडे मिळतात. पण आकड्याहून महत्त्वाचा असतो त्याच्या शेजारचा बाण. ११० आणि आडवा बाण असेल तर मुलाला खुशाल खेळू द्यावं. ११० आणि सरळ खाली जाणारा बाण असेल तर खाऊचा डबा हाताशी हवा. बोटाला टोचून मिळणारा आकडा दोन्ही वेळा ११०च असतो.

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजतो. त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. मूल सेन्सरच्या कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटा ‘लो’ही दिसतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोट टोचून खात्री करावी. खरंच ७० च्या खाली असेल तर १५ किलोच्या मुलाला साधारण साडेचार ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर ग्लुकोज पुरतं आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. मूल बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.

सुरुवातीच्या सेन्सरचा आकडा जवळच्या छोट्या यंत्रावरच दिसे. मूल शाळेत गेलं की पालक अंधारात. न्यूयॉर्क राज्यातले सॉफ्टवेअर अभियंता जॉन कॉस्टिक यांच्या चार वर्षांच्या मुलाला २०१२ मध्ये टाइप वनचं निदान झालं. २०१३ मध्ये कॉस्टिक यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून मुलाच्या यंत्रातले आकडे इंटरनेटवर चढवले आणि ते कामावर बसून पाहू लागले. इतर पालक-अभियंते जोडले गेले आणि त्यातून ‘नाइटस्काउट’ ही मोफत, सर्वांना खुली व्यवस्था उभी राहिली. ‘आम्ही थांबणार नाही’ हे या चळवळीचं ब्रीद. आज मुलाचा आकडा आईबाबांच्या फोनवर येणं नेहमीचं झालंय, त्यामागे या पालकांचा रेटा आहे. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नोंद ठळकपणे व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तरीही सेन्सर लावला की साखर आटोक्यात आली, असं होत नाही. दोन ते आठ वर्षांच्या मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सेन्सरमुळे साखर ७० च्या खाली राहण्याचा वेळ घटला, पण ७० ते १८० या हव्या त्या पट्ट्यातला वेळ लक्षणीय वाढला नाही. आकडा पाहून डोस, जेवण, खेळ यांची सांगड घालायला पालकांना कुणीतरी शिकवावंच लागतं. दिवाळीचंच पाहा. करंजी गोड म्हणून टाळतात आणि चकली बिनधास्त देतात. पण चकलीतलं पीठही साखर चढवतंच, तेलामुळे कधी उशिरा. सेन्सरवर ती चढण दिसते आणि डॉक्टरांशी बोलून डोस बसवता येतो. मग करंजीही खाता येते.

अडचण पैशांची आहे. इंग्लंडमध्ये २०२२ पासून टाइप वनच्या सर्व मुलांना सीजीएम देऊ करावं, अशी शिफारस तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी लागू आहे. आपल्याकडे १४ दिवस चालणाऱ्या एका सेन्सरला चार-पाच हजार रुपये पडतात आणि महिन्याला दोन लागतात. शेतमजुराच्या घरात हे बसत नाही. ज्यांना इन्सुलिन आणि स्ट्रिप्सही नियमित मिळत नाहीत, त्यांना आधी त्या मिळाल्या पाहिजेत, यात दुमत नाही. पण ज्यांना लक्षणं सांगता येत नाहीत, त्या सहा वर्षांखालच्या मुलांना तरी सरकारने सेन्सर मोफत द्यावा.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या दंडावर नाण्याएवढी चकती दिसली आणि त्याच्या दप्तरातला फोन वाजला, तर तो जप्त करू नका. आकडा पाहा, तो ७० च्या खाली असेल तर मुलाला बसल्या जागी ग्लुकोज द्या, घरी फोन करा आणि त्याला एकट्याला कुठेही पाठवू नका.