पेशीला लिहिलेली चिठ्ठी

आपल्या कातडीची पेशी आणि हृदयाची पेशी यांची कामे निराळी, रूपेही निराळी. परंतु दोघींच्या केंद्रात जनुकांचे दप्तर एकच असते. कातडीची पेशी त्यातील काही पाने उघडी ठेवते, हृदयाची पेशी दुसरी. मिटलेली पाने पुन्हा उघडता आली, तर आजारी माणसाच्या कातडीपासूनच त्याला लागणाऱ्या पेशी तयार करता येतील, या आशेवर जगभर संशोधन चालू आहे.

जपानमधील क्योटो विद्यापीठाचे डॉ. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या व २००७ साली माणसाच्या पेशींवर हे साधून दाखवले. अवघी चार जनुके आत घातली की कातडीची पेशी मागे फिरते आणि कोणतेही रूप घेऊ शकणारी मूळ पेशी बनते. २०१२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या रीतीत मानवी गर्भ नष्ट करावा लागत नाही, म्हणून आपल्या दृष्टीनेही ही वाट मोलाची आहे.

अडचण कोठे आहे?

ती जनुके विषाणूच्या पाठीवर बसवून आत नेली होती. हा विषाणू पेशीच्या मूळ दप्तरातच आपले पान चिकटवतो. नेमके कोठे, याचा भरवसा नाही. शेजारचे भलतेच पान उघडले गेले तर पेशी बेसुमार वाढू लागते. शिवाय त्या चार जनुकांपैकी एकाचे कर्करोगाशी नाते आहे.

ही भीती काल्पनिक नव्हे. रोगप्रतिकारशक्तीवाचून जन्मलेल्या मुलांवर पॅरिसमध्ये १९९९ पासून विषाणूच्या साहाय्याने जनुकोपचार सुरू झाले. मुले खरोखर बरी होऊ लागली. पण त्यांपैकी चौघांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला व एक मूल दगावले.

चिठ्ठीचा उपाय

शेतावरच्या गड्याला काम सांगण्यासाठी कोणी जमिनीचा उतारा बदलत नाही. चिठ्ठी पाठवली तरी पुरते, आणि काम झाले की ती फाडून टाकता येते. पेशीतही अशी चिठ्ठी असते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ती केंद्रातील दप्तराला हात लावत नाही. पेशी ती वाचते, तिच्याबरहुकूम प्रथिन बनवते आणि थोड्याच काळात चिठ्ठी विरून जाते.

परंतु प्रयोगशाळेत बनवलेली चिठ्ठी आत शिरली की पेशी तिला विषाणूची समजून धोक्याची घंटा वाजवते. हंगेरीहून अमेरिकेत गेलेल्या कॅटलिन कारिको आणि त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात यावर तोड काढली. आरएनएच्या चार अक्षरांपैकी युरिडिन या अक्षराच्या जागी स्यूडोयुरिडिन हे त्याचे किंचित बदललेले रूप वापरले की घंटा फारशी वाजत नाही, हे त्यांनी २००५ साली प्रसिद्ध केले. हे रूप आपल्या शरीरातील काही आरएनएत निसर्गतःच असते. कारिकोबाईंना वर्षानुवर्षे अनुदान मिळाले नव्हते, १९९५ साली त्यांचा हुद्दाही खाली आणला गेला होता. २०२३ साली दोघांना नोबेल मिळाले.

२०१० साली बोस्टन येथे डेरिक रॉसी व लुइगी वॉरन यांच्या गटाने अशा बदललेल्या चिठ्ठ्या माणसाच्या कातडीच्या पेशींना दोन आठवड्यांहून अधिक काळ रोज दिल्या. पेशी मागे फिरल्या, मूळ पेशी झाल्या, आणि दप्तरात परके पान एकही राहिले नाही.

कात्रीचीही चिठ्ठी

जनुकातील चूक दुरुस्त करण्यासाठी क्रिस्पर नावाची कात्री २०१२ साली पुढे आली. ही कात्री पेशीत दीर्घकाळ राहिली तर नको तेथेही कापण्याचा धोका असतो. म्हणून कात्री बनवण्याची चिठ्ठीच पाठवतात, आणि सोबत जागा दाखवणारा वाटाड्या आरएनए. चिठ्ठी विरते, मागोमाग कात्रीही नाहीशी होते. २०२५ साली फिलाडेल्फियात जन्मजात विकार असलेल्या एका तान्ह्या बाळाला, केवळ त्याच्यासाठी बनवलेले, एकच अक्षर सुधारणारे असे औषध स्निग्ध कणांत गुंडाळून दिले गेले. त्यानंतर त्याला आहारातील प्रथिने अधिक सोसू लागली.

तरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिठ्ठी विरते; दुरुस्ती मात्र कायम राहते. म्हणून ‘अधिक सुरक्षित’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. २०२५ सालीच अशा औषधाच्या एका मोठ्या चाचणीत एका रुग्णाच्या यकृताला गंभीर इजा झाल्याने ती थांबवावी लागली होती. रोग्याच्या अंगातील चूक सुधारणे तत्त्वतः योग्य, पण पुढच्या पिढ्यांत उतरणारे बदल आजच्या स्थितीत अमान्य, असे ख्रिस्तसभेने २००८ साली ‘डिग्निटास पर्सोने’ या पत्रात सांगितले आहे.

आपण काय करावे?

आपल्या भागातील पुष्कळ आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आहे. त्यावरील क्रिस्परच्या पहिल्या औषधाला २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यात वाटाड्या आरएनए वापरतात. परंतु अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर ठेवली गेली. तोवर आपल्या हाती आहे ती साधी रक्ततपासणी. घरात कोणाला हा आजार असेल तर लग्न ठरण्यापूर्वी मुलामुलींनी ती जरूर करून घ्यावी. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

दुसरे असे की, ‘स्टेम सेलने मधुमेह, अर्धांगवायू बरा करतो’ अशी जाहिरात दिसली तर सावध राहा. आपल्या देशाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांवरील अस्थिमज्जा-रोपणासारखे उपचार सोडले, तर बाकीचे स्टेम सेल उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. आणि चाचणीतील उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. पैसे मागितले की उठून घरी यावे. त्यासाठी जमीन गहाण टाकू नये.