जुन्या हार्ड डिस्कवरून डेटाबेस परत मिळवताना

संगणक बंद पडला, बॅकअप नाही, पण हार्ड डिस्क अजून वाचता येते. अशा डिस्कवरचा मायएसक्यूएल डेटाबेस परत मिळण्याची चांगली शक्यता असते.

सुरुवात डिस्कपासून. मूळ डिस्कवर काहीही लिहू नका. ती दुसऱ्या संगणकाला जोडून डीडीरेस्क्यू या मोफत साधनाने तिची इमेज घ्या. ते आधी धड भाग उचलते आणि खराब सेक्टरांकडे नंतर वळते. कुठवर काम झाले याची नोंद वेगळ्या फाइलीत ठेवल्यामुळे मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र लगेच बंद करून जाणकाराकडे द्या.

आता त्या इमेजमध्ये डेटाबेस शोधा. लिनक्सवर तो सहसा ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ या फोल्डरमध्ये असतो. प्रत्येक टेबलाची ‘.आयबीडी’ फाइल दिसली की तेवढीच उचलण्याचा मोह होतो. इथेच घात होतो. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन बदल आधी लॉगमध्ये नोंदवते आणि मुख्य फायलींत सवडीने उतरवते. दुकानातली रोजकीर्द आणि खतावणी जशी. वीज गेली तेव्हा खतावणी अर्धवट असू शकते. पुन्हा सुरू होताना सर्व्हर लॉग वाचून ती पूर्ण करतो. म्हणून ‘आयबीडेटा१’ आणि लॉग फायलींसह अख्खे फोल्डर उचला.

आता वेगळ्या संगणकावर मायएसक्यूएलची तीच आवृत्ती बसवा. ५.७ चा क्रॅश झालेला डेटा थेट ८.० मध्ये उघडत नाही. सर्व्हर थांबवून फोल्डरची प्रत त्याच्या जागी ठेवा, फायलींची मालकी ‘मायएसक्यूएल’ या युजरला द्या आणि सर्व्हर सुरू करा.

तरीही सुरू झाला नाही, तर एरर लॉग वाचा. कॉन्फिगरेशनमध्ये ‘इनोडीबी फोर्स रिकव्हरी’ची किंमत १ ठेवून पाहा आणि गरज पडेल तशी एकेकाने वाढवा. ही किंमत ६ पर्यंत जाते, पण ४ पासून पुढे डेटा कायमचा बिघडू शकतो. त्यामुळे हे प्रयोग प्रतीवरच करा.

सर्व्हर उभा राहिला की लगेच मायएसक्यूएलडम्प या साधनाने सगळा डेटा बाहेर काढा आणि नव्या, कोऱ्या सर्व्हरमध्ये भरा. दुरुस्त झालेल्या जुन्या फायलींवरच रोजचे काम सुरू करू नका. आणि यापुढे बॅकअप राहावा म्हणून नियमित डम्प घेण्याचे काम त्याच दिवशी लिनक्सच्या क्रॉन या वेळापत्रक-साधनाला नेमून द्या.